प्राध्यापकाचे आसन आणि टांग्याचे भाडे
डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विधिमंडळातील कारकिर्दीची कथा



ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मग्रामाच्या उपकारकर्त्यांची चरित्रे यावीत, हे उचितच होय. तथापि या पानांवर आम्ही अशा एका पुरुषाची कथा सांगू इच्छितो, जो आपल्या ख्रिस्तसभेचा नव्हता आणि आपल्या धुळे गावचाही नव्हता. परंतु त्याच्या आयुष्यातील एक कटु प्रसंग आपल्याच खानदेशच्या वाटेवर घडला, आणि ज्या कामाकरिता तो येथे आला होता ते काम आपणा सर्वांच्या मुलाबाळांच्या हिताचे होते. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांना भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून सारे जग ओळखते. त्याआधी ते कॉलेजात प्राध्यापक होते आणि पुढे मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात अनेक वर्षे सभासद होते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानी राहत नाही. त्याच काळाविषयी आम्ही येथे थोडे लिहितो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी हे लष्करात सुभेदार असून तेथील शाळेत शिक्षकही होते. पुढे साताऱ्यास शिकत असता या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे व त्याकरिता गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे. तहान लागली तर शाळेच्या शिपायाने वरून पाणी ओतावे. शिपाई नसला, तर त्या दिवशी पाणी नाही. ही तहान पुढे त्यांच्या साऱ्या कार्याच्या मुळाशी राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले. तेथे कोलंबिया विद्यापीठात व पुढे लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यास नोकरीकरिता गेले असता एवढ्या विद्वानास राहावयास जागा मिळेना. पारशांच्या खाणावळीत त्यांनी आसरा घेतला. जात कळताच तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हा नवा प्राध्यापक काय शिकविणार, अशा भावनेने विद्यार्थ्यांनी आरंभी त्यांच्याकडे पाहिले. परंतु त्यांची व्यासंगी व्याख्याने ऐकताच ती भावना मावळली, आणि इतर कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांच्या वर्गास येऊन बसू लागले. मात्र प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावावा, हे काही सहकाऱ्यांस रुचले नाही. वर्गात ज्याचे ज्ञान चालले, त्याची तहान खोलीत चालली नाही! मार्च १९२० मध्ये ते ही नोकरी सोडून अपुरा अभ्यास पुरा करण्यास पुन्हा लंडनला गेले. साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज एवढीच त्यांची शिदोरी होती. १९२३ साली बॅरिस्टर होऊन ते परतले, आणि त्याच वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरची पदवी दिली.

१९२६ सालच्या अखेरीस सरकारने डॉ. आंबेडकर व डॉ. पुरुषोत्तम सोळंकी यांची मुंबई कायदे कौन्सिलात दलित वर्गांचे प्रतिनिधी म्हणून नेमणूक केली. १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी तेथे आसन घेतले. त्यांना निवडून देण्याचा हक्क त्यांच्या बांधवांना त्या वेळी नव्हता. सरकारने नेमलेला सभासद सरकारचे मिंधेपण पत्करील, असा अनेकांचा समज असे. डॉ. आंबेडकरांनी तो खोटा पाडला.

१२ मार्च १९२७ रोजी शिक्षणखात्याच्या खर्चाची मागणी चर्चेस आली. त्या दिवशीचे त्यांचे भाषण म्हणजे एका प्राध्यापकाने सरकारपुढे मांडलेला हिशेबच होता. शंभर मुले प्राथमिक शाळेत दाखल होतात, त्यांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत अवघी १८ पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या अंधारात जातात, हे त्यांनी सभागृहास दाखवून दिले. सरकार शिक्षणावर दरडोई सुमारे १४ आणे खर्च करते, आणि दारूवरील अबकारी कराच्या रूपाने त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हेही त्यांनी सांगितले. दारूच्या वाटे लोकांकडून जेवढे घेता, तेवढे तरी शिक्षणाच्या वाटे त्यांना परत द्या, अशी त्यांची साधी मागणी होती. प्राथमिक शाळेत आलेले प्रत्येक मूल जन्मभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडले पाहिजे, नाही तर तो खर्च व्यर्थ होय, असा त्यांचा सिद्धांत होता. तसेच, पुढारलेल्या हिंदूंमध्ये हजारी ११९ जण प्राथमिक शाळेत शिकत असता मागासलेल्या वर्गांत ही संख्या अवघी १८ होती. सर्वांस सारखेच दिल्याने ही दरी बुजणार नाही, जो मागे आहे त्याला अधिक दिले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाड येथे हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा सर्वांस खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव कौन्सिलने १९२३ सालीच मान्य केला होता, आणि त्याच आधारे महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केले होते. पण कागदावर खुले झालेले तळे प्रत्यक्षात बंदच होते. सभागृहातील ठराव आणि तळ्याची पायरी यांमध्ये किती अंतर असते, हे या सभासदाने अशा रीतीने स्वतः चालून मोजले.

कौन्सिलातील त्यांचे कार्य एका वर्गापुरते मर्यादित नव्हते. १९२८ च्या जुलैत गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणात पगारी रजा मिळावी या विधेयकास त्यांनी पाठिंबा दिला. तो कायदा १९२९ साली झाला. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेऊन न थांबता स्वतः शिकविण्याचे काम करावे, असेही त्यांनी आग्रहाने मांडले. १९२८ च्या मार्चमध्ये त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक आणले. गावकीची सारी कामे रात्रंदिवस करावयाची आणि मोबदला मात्र तुटपुंजा, अशा वेठीतून आपल्या लोकांना सोडविण्याचा तो प्रयत्न होता. त्याला विरोध इतका झाला की, पुढे ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. पराजयाचा हा अनुभव त्यांच्या वाट्यास वारंवार आला. पण आकडे आणि पुरावे गोळा करण्याचे काम त्यांनी सोडले नाही.

आता आम्ही खानदेशातील त्या प्रसंगाकडे वळतो. १९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. अस्पृश्य मानलेल्या जाती व आदिवासी जमाती यांच्या स्थितीची चौकशी करावी, हे तिचे काम. डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते, आणि १९२९ साली खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांचे काम त्यांच्याकडे व आणखी एका सभासदाकडे आले. ते काम संपवून मुंबईस परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे लाइनवरील एका खेड्यात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी त्यांना करावयाची होती. चाळीसगावच्या महार मंडळींनी रात्री आपल्याकडे मुक्काम करावा असा आग्रह धरला, आणि तो त्यांनी मान्य केला.

धुळ्याच्या गाडीने ते त्या खेड्यास गेले व पुढच्या गाडीने चाळीसगावला परतले. स्टेशनवर त्यांना हार घालण्यात आले. महारवाडा तेथून सुमारे दोन मैलांवर होता. भाड्याचे टांगे पुष्कळ उभे होते, तरी पाहुण्यास तासभर ताटकळत ठेवण्यात आले. अखेरीस एक टांगा आला. थोडे अंतर जाताच तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरील कठडा नसलेल्या पुलावर टांग्याचे चाक कडेच्या दगडांत अडकले. डॉ. आंबेडकर दगडी फरसबंदीवर जोराने फेकले गेले, आणि घोडा व टांगा नदीत कोसळला. बेशुद्ध स्थितीत त्यांना महारवाड्यात उचलून नेण्यात आले. पाय मोडल्यामुळे कित्येक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

खरे कारण त्यांना मागाहून कळले. महाराला आपल्या टांग्यात बसवून नेण्यास एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी अशी तोड निघाली की, टांगा भाड्याने द्यावा, पण टांगेवाल्याने तो हाकू नये. म्हणून त्या मंडळींपैकीच एकाने लगाम हाती घेतला, आणि त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पाहुण्याने पायी चालत यावे हे त्या बिचाऱ्यांना अपमानाचे वाटले होते! पाहुण्याचा मान राखण्याकरिता त्यांनी त्याचा जीव धोक्यात घातला. डॉ. आंबेडकरांनी त्यांना दोष दिला नाही. पुढे काही वर्षांनी त्यांनी स्वतःच हा प्रसंग लिहून ठेवला. बॅरिस्टरपेक्षाही साधा टांगेवाला आपल्याला श्रेष्ठ समजतो, हे या अपघाताने त्यांना शिकविले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. हा मनुष्य त्या वेळी मुंबई कौन्सिलाचा सभासद होता, प्राध्यापकी करून चुकलेला होता, आणि त्याच्या खिशात टांग्याचे भाडे होते. त्याला उणे काय होते? विद्या, अधिकार आणि द्रव्य ही तिन्ही ज्या ठिकाणी हरतात, तेथे दोष पाहुण्याचा नसून दार बंद करणाऱ्याचा असतो.

समितीचा अहवाल १९३० साली सादर झाला. पुढे जून १९३५ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी येवले येथे त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. तेव्हा निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी, त्यांत ख्रिस्ती पुढारीही होते, त्यांना आमंत्रणे दिली. त्यांनी घाई केली नाही. एकवीस वर्षे विचार करून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. धर्मांतर केलेल्या ख्रिस्ती लोकांतही जातीचा भेद शिल्लक राहिला आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. ते आपणास झोंबले तरी नाकारता येण्याजोगे नाही.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई शहरातून ते विधानसभेवर निवडून आले. पूर्वी सरकारने नेमलेला सभासद आता लोकांनी पाठविलेला होता. त्या सप्टेंबरात त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ साली कामगारांच्या संपावर बंधने घालणाऱ्या विधेयकास त्यांनी कसून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर रोजी कामगारांचा एक दिवसाचा संप घडवून आणला. १९३७ साली वकिलीच्या कामाकरिता ते आपल्या धुळ्यासही आले होते. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांचा मुक्काम झाला, आणि त्याची आठवण म्हणून ३१ जुलै रोजी तेथे दूरदूरच्या गावांहून लोक जमतात.

अखेरपर्यंत त्यांच्यातील शिक्षक जागा राहिला. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज व १९५० साली औरंगाबादेस दुसरे कॉलेज सुरू केले. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित केले, तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे देहावसान झाले.

चाळीसगावहून धुळ्यास येणाऱ्या लोहमार्गाने आपणांपैकी पुष्कळांनी प्रवास केला असेल. पुढच्या वेळी त्या वाटेने जाताना दोन गोष्टी आठवाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे. पहिली, शंभरांतील ती ८२ मुले. आपल्या वस्तीतील कोणते मूल या वर्षी शाळेतून गळाले आणि त्याच्या घरी कोण गेले, हे आपण विचारावे. दुसरी, पाण्याचे ते भांडे. आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईचा पेला वेगळा ठेवलेला असेल, तर ज्युबिलीचा दिवस उजाडण्यापूर्वी तो इतर पेल्यांत मिसळावा. हे काम करावयास ना कौन्सिलचा ठराव लागतो, ना समितीचा अहवाल.