एकाच पेटीतली दोन गाणी

ज्या गाण्याला धड अर्थ नाही, त्यावर तीन पिढ्यांनी ठेका धरावा, हे नवलच म्हणायचे! १९५७ सालच्या ‘आशा’ चित्रपटातले ‘ईना मीना डीका’ हे ते गाणे. अमेरिकेत रॉक अँड रोलची लाट नुकतीच उसळली होती. ती आपल्या घराघरांत आणून सोडली एका मराठी माणसाने. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. चित्रपटसृष्टीचे अण्णा.

अण्णांचा जन्म १९१८ सालचा, अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुण्याशी त्यांचे नाते शिक्षणाचे. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये इथे गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे अण्णा शास्त्रीय गाणे शिकले. त्यांना व्हायचे होते मात्र नट! ‘नागानंद’ चित्रपटात ते नायकही झाले, पण नशिबाने साथ दिली नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते पेटी वाजवू लागले. नायक हरला, पण संगीतकार घडला तो या पेटीवर.

पुढे भगवानदादांची दोस्ती लाभली. १९४७ च्या ‘शहनाई’ने आणि १९५१ च्या ‘अलबेला’ने अण्णांचे नाव गल्लोगल्ली पोचवले. बेनी गुडमनच्या जॅझचा त्यांच्यावर मोठा प्रभाव. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक त्यांच्या ताफ्यात होते. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना त्यांनी ढोलकीच्या शेजारी बसवले. ‘ईना मीना’ची जन्मकथा अशी सांगतात, की खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांची इंग्रजी गणती ऐकून अण्णांना आणि त्यांचे सहायक जॉन गोम्स यांना ती ओळ सुचली. गोव्याच्या गोम्सनी त्यात ‘नको’ या अर्थाचे कोकणी शब्द मिसळले. देशभर लोक ते कोकणी म्हणत राहिले, अर्थ न कळता!

यावर जाणकारांची नाके मुरडली जात. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर हेही मराठीच, शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी रेडिओची सुई थेट सिलोनकडे वळवली. १९५२ च्या अखेरीस तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि गाण्यांना क्रमांक मिळू लागले. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिले आले ते ‘अनारकली’तले लताबाईंचे ‘ये जिंदगी उसी की है’. संगीतकार कोण? अण्णाच! आणि राग? भीमपलासी. दिल्लीने ज्या सिनेसंगीताला दार लावले, त्याच्या शिखरावर रागदारीच बसली होती.

म्हणूनच उडत्या चालींचा संगीतकार एवढ्यावर अण्णांना निकालात काढणे मला कधीच पटले नाही. गदिमांच्या ‘गीतगोपाल’ला चाली देणारे तेच. चीनच्या युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी गायिलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हेही त्यांचेच. शब्द कवी प्रदीप यांचे. आजही प्रजासत्ताकदिनी हे गाणे लागले की घरातली मोठी माणसे गप्प होतात. गायिका सर्वांना ठाऊक असते, कवीही पुष्कळांना आठवतो. चाल कुणाची, असे विचारले तर मात्र अनेकजण अडखळतात. याची मला खंत वाटते.

५ जानेवारी १९८२ रोजी अण्णा गेले. एका गाण्यात शब्दांना अर्थ नव्हता, तिथे ठेक्याने आनंद दिला. दुसऱ्यात शब्द अश्रूंनी जड होते, तिथे चालीने वाद्यांचा गलबला टाळून त्यांना वाट करून दिली. कुठे नाचायचे आणि कुठे थांबायचे, हे कळायला कान तयार असावा लागतो. घरात मुले ‘ईना मीना’वर नाचू लागली, तर त्यांना रागावू नका, फक्त अण्णांचे नाव तेवढे सांगा.