इंग्लंडमध्ये ११४ विकेट काढल्या, पण बाळू पालवणकरांना कॅप्टन कधीच केलं नाही

साल १९११. पतियाळाच्या महाराजांना कॅप्टन करून भारताची टीम पहिल्यांदाच इंग्लंडच्या दौऱ्यावर गेली. पारशी मंडळी आधी जाऊन आली होती, पण हिंदू, मुस्लिम, पारशी सगळे एकत्र असलेली ही पहिलीच टीम. दौरा तसा फसला. १४ फर्स्ट क्लास मॅचपैकी १० हरलो, २ जिंकलो. पण पस्तिशीतल्या एका डावखुऱ्या स्पिनरने अख्ख्या दौऱ्यात ११४ विकेट काढल्या. लेस्टरशायरला हरवलं त्या मॅचमध्ये तर त्याच्या एकट्याच्या ११ विकेट होत्या.

हा गडी म्हणजे बाळू पालवणकर.

जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातलं, मूळ कोकणातल्या पालवणचं. वडील लष्करात होते, त्यामुळे पोरं पुण्यात वाढली. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्लबात. ग्राउंड झाडायचं, रोलर फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. तिथून ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले.

इथे खरी गोष्ट सुरू होते. क्लबात नेट लावायचं, पिच आखायचं आणि साहेबांना प्रॅक्टिससाठी बॉल टाकायचे हे बाळूंचं काम. कॅप्टन ग्रेग हा तिथला भारी बॅट्समन. बाळूंनी आऊट केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा, असा किस्सा सांगतात. आठ आण्यांचं खरं-खोटं काहीही असो, ग्रेगला रोज बॉल टाकून बाळूंचा हात असा काही बसला की पुढे भल्याभल्यांना ते झेपेनात. बॅट मात्र त्यांच्या हातात कुणी दिली नाही. ती साहेबांची. जळगाव-धुळ्यात सकाळी ग्राउंडवर चक्कर मारली तर बॅटिंगच्या नंबरावरून पोरं भांडताना दिसतात, नुसती बॉलिंग टाकायला कुणी तयार नसतं. बाळूंनी वर्षानुवर्षं तेवढंच केलं.

गोऱ्यांना हरवायचं तर हा बॉलर पाहिजे, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाला कळत होतं. पण तो अस्पृश्य. वाद झाला आणि शेवटी त्यांना टीममध्ये घेतलं. मैदानात एकच बॉल सगळ्यांच्या हातात फिरायचा. चहाची सुट्टी झाली की बाकीच्यांना कपबशी आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या बोळक्यात चहा. जेवायला ताटही वेगळं, जागाही वेगळी.

प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. इथे हळूहळू टीमसोबत जेवण सुरू झालं. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ रन्सने हरवलं. बंगालच्या फाळणीवरून देश पेटला होता, स्वदेशीचं वारं होतं, त्यामुळे हा विजय नुसत्या मॅचचा राहिला नाही. बाळूंचे भाऊ शिवराम हेही त्या टीममध्ये होते.

एवढं झाल्यावर कॅप्टनपद मिळायला हवं होतं. १९१० नंतर दरवर्षी मागणी व्हायची आणि दरवर्षी दुसऱ्यालाच मिळायचं. पोरं क्लबच्या हिरोची जात विसरली असतील, पण निवड करणारे विसरले नव्हते, हे उघड आहे. १९२० मध्ये तर बाळूंना टीममधूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी खेळायला नकार दिला. प्रकरण पेपरात गाजलं, निवड करणाऱ्यांना नमतं घ्यावं लागलं. भाऊ परत आले, बाळूंना व्हाइस कॅप्टन केलं. कॅप्टन एम. डी. पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढा वेळ बाळूंनी टीम सांभाळली. त्यांच्या वाट्याला आलेली कॅप्टनशिप एवढीच. १९२३ मध्ये विठ्ठल कॅप्टन झाले आणि त्यांच्या टीमने युरोपियनांना हरवलं.

आता अवघड भाग. बाबासाहेब आंबेडकर तरुणपणी बाळूंचे चाहते होते. पण १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघावरून दोघांची मतं वेगळी झाली. पुणे कराराच्या वाटाघाटीत बाळूही होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध मुंबईत उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. एवढ्यावरून आज कुणी बाळूंना व्हिलन ठरवत असेल, तर त्याने वरचा बोळक्याचा प्रसंग पुन्हा वाचावा. एकाच अपमानातून आलेली दोन माणसं वेगवेगळ्या वाटेने गेली, असंही होतं.

भारत पहिली टेस्ट १९३२ मध्ये खेळला, तेव्हा बाळू छप्पन वर्षांचे होते. त्यांच्या नावावर ३३ फर्स्ट क्लास मॅचमध्ये १७९ विकेट आहेत, ॲव्हरेज पंधराच्या आसपास. जुलै १९५५ मध्ये मुंबईत ते गेले. या भावांच्या घरातल्या गोष्टी वाचायच्या असतील तर विठ्ठल यांनी १९४८ मध्ये मराठीत लिहिलेलं ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र शोधा. सापडायला जरा कठीण आहे, जुन्या वाचनालयात विचारून बघा.