मंडईला विरोध करणारे जोतीराव

पुण्याची मंडई महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. ती बांधण्याचा विषय नगरपालिकेत आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत खुद्द जोतीराव होते, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते.

जन्म १८२७ चा. घराणे माळ्याचे, फुलांच्या धंद्यामुळे गोऱ्हे हे मूळ आडनाव मागे पडले. शाळा काढणारे, सत्यशोधक समाज स्थापणारे जोतीराव सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, मांजरीला शेती केली आणि १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शेतातला माल शहरात येईपर्यंत त्यावर कुणाकुणाचा हात पडतो, हे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले.

ते सदस्य झाले त्याच सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. उपासमारीत लहान मुले लवकर दगावतात. अंगातली ताकद गेलेली असली की साधी हगवणही जीव घेते. १८७७ मध्ये धनकवडीच्या बालाश्रमात अशा मुलांच्या जेवणाची सोय झाली. त्यासाठी जोतीरावांनी मदतीचे जाहीर आवाहन काढले.

त्या काळी भाजीबाजार शनिवारवाड्यापाशी उघड्यावर भरे. आरोग्याच्या दृष्टीने छपराची, पक्क्या फरशीची मंडई केव्हाही बरी, यात वाद नाही. जोतीरावांचा आक्षेप खर्चावर होता. एवढी रक्कम आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर घालावी, असे त्यांचे म्हणणे. ते कुणी ऐकले नाही. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने मंडई सुरू झाली.

१८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी हिशेबच मांडला: भाजी घेऊन शहरात आलेला शेतकरी नगरपालिकेची जकात आणि दलाली भरून जवळपास रिकाम्या हाताने परततो. भंडाऱ्याहून नागपूरला वांगी नेणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्यांनी उपायही सुचवले. डोंगरउतारावरची कसदार माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालावेत, तळी-तलाव दुरुस्त ठेवावेत, जनावरे जपावीत. तलावांच्या जिल्ह्यात तरी हे पान पुन्हा उघडायला हरकत नाही.

शहराने लोकांच्या पोटात काय जाऊ द्यावे, याचाही विचार त्यांनी केला. १८८० मध्ये पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून हरकत घेतली.

१८८८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. मग डाव्या हाताने लिहायला शिकून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना रे मार्केटला फुल्यांचे नाव मिळाले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही आता त्यांचेच नाव आहे.