जंगल सरकारचं की गावाचं? दीडशे वर्षांपूर्वी मधला मार्ग सुचवणारे ब्रँडिस कोण होते?

गाव आणि सरकारने मिळून जंगल सांभाळावं, हा मुद्दा ब्रिटिश काळातच एका जर्मन अधिकाऱ्याने मांडला होता.

कोण होते ब्रँडिस?
डिट्रिच ब्रँडिस यांचा जन्म १८२४ मध्ये बॉन शहरात झाला. वनस्पतिशास्त्राचे हे अभ्यासक १८५६ मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या सागवान जंगलांचे अधीक्षक झाले. तिथले कारेन शेतकरी फिरती शेती करायचे. ब्रँडिस यांनी त्यांच्याशी सौदा केला: जमीन साफ करून पीक घ्या, पण सोबत सागही लावा. हीच 'टांग्या' पद्धत. १८६४ मध्ये ते भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले.

वाद काय होता?
नव्या वनकायद्याच्या वेळी बेडन-पॉवेल यांचा गट जंगलांवर संपूर्ण सरकारी ताबा मागत होता. महत्त्वाची जंगलं सरकारकडे ठेवा, पण गावालगतची गावाला द्या, असं ब्रँडिस यांचं मत होतं. १८७८ च्या कायद्यात 'ग्रामवन' आलं, पण ते बहुतांशी कागदावरच राहिलं. राखीव जंगलं वाढली. गावकऱ्यांची चराई आणि सरपण आक्रसलं. हे करणारं वनखातं उभारलं होतं ब्रँडिस यांनीच.

पुढे काय झालं?
१८८३ मध्ये ते निवृत्त झाले. १९०७ मध्ये बॉनमध्येच त्यांचं निधन झालं. संयुक्त वनव्यवस्थापनाचं धोरण १९९० मध्ये आलं. ताबा मात्र खात्याकडेच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.