जिला कामाची नाही म्हटलं, तीच बडोद्याच्या उस्तादांची लेक पॅरिसमध्ये चार महिने नाझींना गुंगारा देत राहिली

16 जून 1943 ची रात्र. इंग्लंडहून निघालेली लायसँडर जातीची छोटी विमानं जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, आँजे शहराजवळच्या एका माळावर उतरली. माणसं उतरवायची, परत जाणारी माणसं घ्यायची आणि काही मिनिटांत उडायचं, असा सगळा मामला. उतरलेल्यांमध्ये 29 वर्षांची एक मुलगी होती. कागदोपत्री ती जान-मारी रेनिए नावाची फ्रेंच आया होती. गुप्त नाव मॅडलीन. खरं नाव नूर इनायत खान.

ब्रिटिशांनी फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर.

नूरचं मूळ शोधायला आपल्याला गायकवाडांच्या बडोद्यात यावं लागतं. तिचे पणजोबा मौला बख्श हे बडोदा दरबारातले नावाजलेले गवई. सयाजीराव महाराजांच्या काळात 1886 मध्ये त्यांनी तिथे संगीत शाळा काढली, आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे. याच घरात 1882 साली नूरचे वडील इनायत खान जन्मले. घरात टिपू सुलतानाशी असलेलं नातंही सांगितलं जायचं. इनायत खान वीणा वाजवायचे, पुढे सुफी विचारांकडे वळले आणि 13 सप्टेंबर 1910 ला भारत सोडून पश्चिमेकडे निघाले. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

अमेरिकेत त्यांची गाठ ओरा रे बेकर या तरुणीशी पडली, दोघांनी लग्न केलं आणि 1 जानेवारी 1914 ला मॉस्कोत नूरचा जन्म झाला. मग लंडन, मग पॅरिसजवळचं सुरेन हे गाव. नूर 13 वर्षांची असताना दिल्लीला गेलेले वडील तिथेच वारले. आई दुःखाने कोलमडली आणि तीन धाकट्या भावंडांचं घर या थोरल्या मुलीच्या अंगावर आलं.

ते सांभाळत नूर शिकली. सोरबॉनमध्ये बालमानसशास्त्र, जोडीला संगीत. ती वीणा वाजवायची, हार्पही वाजवायची. लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांवर तिने इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक 1939 साली लंडनमध्ये छापून आलं. म्हणजे महायुद्ध पेटलं तेव्हा ही मुलगी बुद्धाच्या पूर्वजन्मातल्या माकडांच्या आणि हरणांच्या गोष्टी सांगत होती.

जून 1940 मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या आणि हे कुटुंब कसंबसं इंग्लंडला पोहोचलं. खरा पेच इथे सुरू झाला. नूर आणि तिचा भाऊ विलायत अहिंसेच्या संस्कारात वाढलेले. पण समोर जे चाललं होतं ते हात बांधून बघणंही जमेना. शेवटी दोघांनी ठरवलं, धोक्याचं काम घ्यायचं, पण कुणाला मारायचं काम नको. नोव्हेंबर 1940 मध्ये नूर ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत अगदी खालच्या पदावर भरती झाली आणि वायरलेस शिकली.

दुसरा पेच होता भारताचा. ज्या साम्राज्यासाठी ती लढायला निघाली होती, त्याच साम्राज्याच्या ताब्यात तिच्या बापजाद्यांचा देश होता. बढतीच्या मुलाखतीत हा विषय निघाला तेव्हा तिने साहेबांसमोर स्पष्ट सांगितलं की युद्ध चालू असेतो ती ब्रिटनशी इमान राखेल, पण युद्धानंतर कदाचित भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभी राहील. मुलाखत हातची गेली असं तिलाच वाटलं.

पण दुसरीकडे तिच्यावर कुणाचं तरी लक्ष होतं. शत्रूच्या प्रदेशात घातपात घडवणाऱ्या एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेला अस्खलित फ्रेंच बोलणारे वायरलेस ऑपरेटर हवे होते. तिला बोलावून घेतलं गेलं. अंगावर गणवेश नसेल, पकडली गेलीस तर युद्धकैद्याचं संरक्षण मिळणार नाही, गोळी घातली जाईल, याची कल्पना आधीच दिली गेली. ती तयार झाली.

प्रशिक्षणात मात्र तिच्याबद्दलचे शेरे काही बरे नव्हते. वायरलेसवर हात चांगला, पण स्वभाव हळवा. शस्त्रांना बिचकते. खोटं बोलणं जमत नाही. गेस्टापोच्या उलटतपासणीचा नुसता सराव होता, त्यातही ती भेदरून गेली. शेवटच्या टप्प्यावर प्रशिक्षण प्रमुखांनी तिला पाठवू नये असंच मत दिलं. फ्रेंच विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी ते बाजूला सारलं. ऑपरेटरची टंचाई होती, हेही त्यामागचं एक कारण.

हे काम किती धोक्याचं, तर अशा ऑपरेटरचं फील्डमधलं आयुष्य सरासरी सहा आठवडे धरलं जायचं. सुटकेसमध्ये बसवलेला सुमारे 15 किलोचा सेट घेऊन फिरायचं, कुठेतरी लांबलचक वायर टांगायची आणि पटकन संदेश पाठवून पळायचं. जास्त वेळ हवेत राहिलं की सिग्नलचा माग काढणाऱ्या जर्मन गाड्या दारात हजर.

नूर पॅरिसला पोहोचून आठवडा होतो न होतो तोच घात झाला. ती ज्या ‘प्रॉस्पर’ जाळ्यासाठी आली होती, त्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल 24 जूनला पकडला गेला. पाठोपाठ एकेक जण उचलला गेला. लंडनने तिला परत यायला सांगितलं. ती नाही म्हणाली. ती गेली असती तर पॅरिसमधून लंडनशी बोलणारं जवळपास कुणीच उरलं नसतं.

मग तिने घरं बदलली, केस रंगवले, जुन्या ओळखीपाळखीच्या लोकांकडून जागा मिळवल्या. तिचे किस्से आजही सांगितले जातात. मेट्रोत जर्मन सैनिकांनी सुटकेसमध्ये काय आहे विचारलं, तर तिने सिनेमाचं यंत्र म्हणून सांगितलं. एकदा झाडावर एरियल बांधताना एका जर्मनानेच मदतीचा हात दिला म्हणे. खोटं बोलता न येणारी मुलगी शिकली होती एकूण.

पण एक चूक तिच्याकडून होत होती. पाठवलेले आणि आलेले सगळे संदेश ती वहीत उतरवून ठेवायची. सूचनेत संदेश ‘फाईल’ करण्याबद्दल जे लिहिलं होतं, त्याचा अर्थ पत्रकारांच्या भाषेत पाठवणं असा होता. तिने तो जपून ठेवणं असा घेतला असावा. सूचना लिहिणाऱ्यालाही यात सोडून देता येत नाही.

ऑक्टोबर 1943 च्या मध्याला, इंग्लंडला परतायची वेळ जवळ आलेली असताना, तिचा पत्ता 1 लाख फ्रँकला विकला गेला. अटक करायला आलेल्या माणसाच्या मनगटाला ती रक्त येईपर्यंत चावली. पॅरिसमधल्या जर्मन मुख्यालयात नेल्यावर काही वेळातच बाथरूमच्या खिडकीतून निसटायला बघितलं. 25 नोव्हेंबरला आणखी दोन कैद्यांसोबत ती छतावरून पळालीदेखील, पण नेमका हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, कैद्यांची मोजणी झाली आणि तिघंही सापडले. पुन्हा पळणार नाही असं वचन द्यायला तिने नकार दिला. चौकशीत तिने काहीच सांगितलं नाही, हे युद्धानंतर खुद्द त्या मुख्यालयाच्या जर्मन प्रमुखाने मान्य केलं.

वही मात्र बोलली. तिच्या आधारे जर्मन तिच्याच नावाने लंडनला संदेश पाठवू लागले. मॅडलीन इस्पितळात आहे, म्हणजे पकडली गेली आहे, असा इशारा लंडनला अटकेआधीच्या धावपळीतच मिळाला होता. तो गंभीरपणे घेतला गेला नाही. फेब्रुवारी 1944 अखेर लंडनने या बनावट संदेशांवर विसंबून तीन एजंट पॅराशूटने उतरवले. खाली जर्मन वाटच बघत होते. त्या तिघांत एक फ्रेंच तरुणी होती, मॅडलीन दामेरमाँ.

तोवर नूर जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात होती. एकटी, हातापायात बेड्या, असे दहा महिने. जेवणाच्या भांड्याच्या तळाशी कोरून ती शेजारच्या कोठड्यांतल्या बायकांशी बोलायची. त्यातच तिने नोरा बेकर हे नाव आणि लंडनचा एक पत्ता कोरून ठेवला.

13 सप्टेंबर 1944. वडिलांनी भारत सोडला त्याला बरोबर 34 वर्षं झाली होती. डाखाऊच्या छळछावणीत त्या सकाळी चार स्त्रियांना गोळ्या घालण्यात आल्या. इलियान प्लूमन, योलांद बीकमन, नूर आणि मॅडलीन दामेरमाँ.

लंडनमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. फ्रेंच विभागातल्या व्हेरा ॲटकिन्स युद्धानंतर जर्मनीत जाऊन आपल्या बेपत्ता मुलींचा शोध घेत राहिल्या. नूर दुसऱ्याच छावणीत मेली, असंच आधी त्यांनाही वाटलं होतं. शेजारच्या कोठडीतल्या कैदी बाईने लक्षात ठेवलेल्या त्या कोरलेल्या नावामुळे धागा जुळला. 1949 मध्ये नूरला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च नागरी शौर्यसन्मान मरणोत्तर मिळाला, फ्रान्सनेही क्र्वा द गेर दिला.

2012 साली लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा बसवला गेला. तिथून चार पावलांवर टॅव्हिटन स्ट्रीटवरचं 4 नंबरचं घर आहे, तिथे 2020 साली तिच्या नावाची निळी पाटी लागली. भांड्याच्या तळाशी कोरलेला पत्ता याच घराचा होता.