पॅप टेस्टची तारीख उलटून गेली? ज्यांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते, त्या डॉ. पापानिकोलाऊंची गोष्ट वाचा

आखाजीला लेकी माहेरी येणार म्हणून तपासणी पुढे ढकलली. मग पेरणी आली, श्रावणात कानबाई आली, दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाली. जळगाव असो की धुळे, गर्भाशयमुखाच्या तपासणीचा कागद असा कपाटात पडून राहतो. वर्ष-दोन वर्षे उलटली की भीती सुरू होते. एवढा उशीर झाला, आता काही निघाले तर? या भीतीपोटी तारीख आणखी पुढे जाते.

उशीर झाला म्हणजे सगळे संपले का? या प्रश्नाचे उत्तर ही तपासणी शोधणाऱ्या डॉक्टरच्या आयुष्यात सापडते. त्यांच्या शोधालाही मान्यता मिळायला दीड दशक लागले होते.

कोण होते डॉ. पापानिकोलाऊ?

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील किमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. जॉर्ज यांनीही १९०४ मध्ये अथेन्समधून वैद्यकीय पदवी घेतली, पण गावात दवाखाना टाकण्यात त्यांचे मन रमले नाही. जर्मनीत म्युनिक येथे त्यांनी प्राणिशास्त्रात पीएच.डी. केली. १९१० मध्ये आंद्रोमाखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९१३ मध्ये हे जोडपे न्यूयॉर्कला पोहोचले. खिशात मोजके डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हते. एका मोठ्या दुकानात आंद्रोमाखी कपड्यांना बटणे शिवू लागल्या, तर डॉक्टर आणि पीएच.डी. असलेले जॉर्ज गालिचे विकायला उभे राहिले. हॉटेलात व्हायोलिन वाजवणे, ग्रीक वृत्तपत्रात कारकुनी अशी कामेही त्यांनी केली. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना संशोधनाची जागा मिळाली आणि जवळपास संपूर्ण कारकीर्द तिथेच गेली.

शोधाची सुरुवात गिनीपिगपासून

पापानिकोलाऊ यांना प्रयोगासाठी गिनीपिगच्या मादीची बीजे नेमक्या वेळी हवी होती. ती वेळ बाहेरून ओळखता येत नसे. त्यांनी नाक तपासण्याचे छोटे उपकरण वापरून मादीच्या योनिमार्गातील स्राव रोज काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींचे रूप चक्राप्रमाणे बदलत असल्याचे दिसले. १९१७ मध्ये त्यांनी चार्ल्स स्टॉकार्ड यांच्यासोबत हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

स्त्रियांमध्येही असेच घडते का, हे पाहण्यासाठी नियमित नमुने हवे होते. त्यासाठी आंद्रोमाखी पुढे आल्या आणि वर्षानुवर्षे त्यांनी स्वतःचे नमुने दिले. प्रयोगशाळेतील कामही त्या सांभाळत. पॅप टेस्टच्या इतिहासात जॉर्ज यांच्या नावामागे त्यांचाही मोठा वाटा आहे.

पुढे रुग्णालयातील स्त्रियांचे नमुने तपासताना काही काचपट्ट्यांवर विचित्र पेशी दिसल्या. त्यांचे केंद्रक मोठे आणि वेडेवाकडे होते. त्या स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. म्हणजे चिरफाड न करता, केवळ गळून पडलेल्या पेशी पाहून हा आजार ओळखता येत होता.

१९२८ : कुणी फारसे लक्ष दिले नाही

जानेवारी १९२८ मध्ये अमेरिकेतील बॅटल क्रीक येथील परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. साधारण त्याच सुमारास रुमानियातील ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे अशीच पद्धत मांडली होती. मात्र तज्ज्ञांचा विश्वास बायोप्सीवर, म्हणजे मांसाचा तुकडा काढून करायच्या तपासणीवर होता. सुट्या पेशींवरून निदान ही कल्पना त्यांना पटली नाही. पापानिकोलाऊ पुन्हा आपल्या मूळ संशोधनाकडे वळले.

१९३९ च्या सुमारास स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या साथीने त्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. न्यूयॉर्क रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या स्त्रियांचे नमुने सरसकट घेतले गेले. काहीही त्रास नसलेल्या स्त्रियांमध्येही कर्करोग सापडू लागला. १९४१ मध्ये दोघांचा शोधनिबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर मात्र वैद्यकीय जगाने ही तपासणी स्वीकारली. अमेरिकेत एकेकाळी स्त्रियांच्या कर्करोग मृत्यूंमध्ये आघाडीवर असलेला हा आजार पुढच्या दशकांत खूप मागे पडला.

१९५० मध्ये पापानिकोलाऊ यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मात्र मिळाले नाही. १९६१ च्या अखेरीस ते मायामीतील कर्करोग संस्थेची धुरा घेण्यासाठी गेले आणि काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आंद्रोमाखी यांनी त्यानंतरही त्यांचे काम सुरू ठेवले.

मग उशीर झालेल्यांनी घाबरायचे का?

या तपासणीचा पायाच असा आहे की हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, हे त्याचे मुख्य कारण. हे दाखवणारे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. बहुतेक स्त्रियांचे शरीर हा संसर्ग स्वतःच घालवते. तो टिकून राहिला तरी कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्हीबाधित स्त्रियांमध्ये, हा काळ ५ ते १० वर्षांवर येऊ शकतो.

म्हणून तारीख काही महिन्यांनी किंवा वर्षाने हुकली तर बहुतेकींसाठी वेळ गेलेली नसते. पण याचा अर्थ आणखी थांबावे असा नाही. कर्करोगापूर्वीचा बदल दुखत नाही, खुपत नाही. तो फक्त तपासणीतच दिसतो.

महाराष्ट्राचा अनुभव काय?

टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने मुंबईतील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. किमान दहावी शिकलेल्या सेविकांनी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून तपासणी केली. १२ वर्षांत मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाचा उस्मानाबाद) सुमारे १ लाख ३० हजार स्त्रियांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात मृत्यू जवळपास निम्मे होते.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार देशात ३० ते ४९ वयोगटातील दोन टक्क्यांहून कमी स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतली होती. २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि ८० हजारांच्या आसपास मृत्यू होतात. त्यामुळे तारीख चुकलेली स्त्री एकटी नाही.

तारीख उलटली असेल तर काय कराल?

• सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी अपेक्षित आहे. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणा करा. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या स्त्रीरोग विभागातही दाखवता येते.

• पाळीचे दिवस टाळून जा. नमुना घ्यायला काही मिनिटेच लागतात. थोडी अस्वस्थता वाटते, भूल द्यावी लागत नाही.

• अहवालात बदल दिसला म्हणजे कर्करोगच, असे नाही. पुढे दुर्बिणीसारख्या उपकरणाने तपासतात, गरज पडल्यास बायोप्सी करतात. कर्करोगापूर्वीचा बदल बहुतेकदा छोट्या उपचाराने काढता येतो.

• संबंधानंतर रक्तस्राव, पाळी गेल्यानंतर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त स्राव अशी लक्षणे असतील तर शिबिराची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

• मुलींसाठी एचपीव्ही लस उपलब्ध आहे. लस घेतली तरी ठरलेल्या वयात तपासणी करावीच लागते.

उशिरा गेल्याबद्दल कोणी बोलेल, या संकोचाने थांबू नका. कपाटातला कागद काढा आणि पुढचा सण येण्याआधीची एक तारीख ठरवा. सोबत जाऊबाई, नणंद किंवा शेजारीण आली तर तिचीही तपासणी होऊन जाईल.