दिवाडी बेटावरील बिशप
मातेउस द कास्त्रो ह्यांचे चरित्र

नागपूर शहराच्या पश्चिमेस जी टेकडी आहे, तिला सर्व लोक सेमिनरी हिल्स ह्या नावाने ओळखतात. आम्हां हुडकेश्वरच्या बाजूच्या लोकांस ती शहराच्या अगदी दुसऱ्या टोकास पडते, त्यामुळे तिकडे जाणे क्वचितच घडते. त्या टेकडीवर रोमन कॅथलिक पंथाची सेंट चार्ल्स सेमिनरी असून, खेड्यापाड्यांतून आलेले तरुण तेथे काही वर्षे राहून धर्मगुरूच्या सेवेसाठी तयार होतात. मागे आमच्याकडील एक उपदेशक बंधू त्या बाजूस गेले होते. परत आल्यावर त्यांनी आम्हांस विचारले की, ही आपल्याच देशची मुले धर्मगुरू होण्यासाठी इतकी विद्या संपादन करितात, तर ही रीत त्यांच्यामध्ये आरंभापासूनच चालत आली आहे काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका मनुष्याच्या चरित्रात सापडते. त्यांचे नाव मातेउस द कास्त्रो. ते आपल्या पंथाचे नव्हते, आणि त्यांचे सर्वच वर्तन अनुकरणीय होते असेही नाही. तरी त्यांची हकीकत प्रत्येक उपदेशकाने माहीत करून घ्यावी अशी आहे.

ती समजण्यास प्रथम गोव्याची स्थिती सांगितली पाहिजे. पोर्तुगीज लोकांनी १५१० साली गोवे घेतले. पुढे १५४१ साली मिगेल वाझ आणि दियोगो द बोर्बा ह्या दोन धर्मगुरूंनी तेथे एक पाठशाळा स्थापिली. तिचा हेतू असा की, पूर्वेकडील निरनिराळ्या देशांच्या मुलांस तेथे शिकवावे, आणि त्यांनी धर्मगुरू व उपदेशक होऊन आपापल्या लोकांमध्ये आपापल्या भाषेत उपदेश करावा. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले, आणि लवकरच ती पाठशाळा त्यांच्या जेज्वीट संघाच्या हाती गेली. तिलाच पुढे सेंट पॉलचे कॉलेज म्हणू लागले. १५५६ साली हिंदुस्थानातील पहिला छापखाना आला तो ह्याच कॉलेजात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक बिशपाने आपल्या प्रांतात सेमिनरी चालवावी असा ठराव ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ साली केला. म्हणजे युरोपातील मंडळ्यांस ही आज्ञा होण्याच्या बावीस वर्षे अगोदर गोव्यात अशी पाठशाळा उभी होती, व तीही एतद्देशीय मुलांकरिता!

परंतु आरंभीचा हेतू टिकला नाही. एतद्देशीय मुले शिकत, त्यांतील काहींस दीक्षाही मिळे. पण दीक्षा मिळालेल्यांस बहुधा गोऱ्या धर्मगुरूच्या हाताखाली मदतनीस म्हणून ठेवीत. मोठमोठे संन्यासी संघ त्यांस आपल्यामध्ये घेत नसत. जेज्वीट संघाने १५७५ साली पेरू लुइस नावाच्या एका मलबारी ब्राह्मणास घेतले. त्यांनी उत्तम सेवा केली, तरी त्यांच्यामागून त्या संघाने आपले दार हिंदी लोकांस लावून घेतले. १६०६ साली गोव्यात धर्मसभा भरली, तिने तर असे ठरविले की, धर्मगुरूपदासाठी ब्राह्मण व इतर उच्च मानलेल्या जातींचीच मुले घ्यावी. ज्या प्रभूने मासे धरणाऱ्यांस आपले प्रेषित केले, त्याच्या नावाने भरलेल्या सभेत असा ठराव व्हावा हे वाचून खेद होतो. ह्या ठरावाकडे आपणांस पुढे पुन्हा यावे लागेल.

मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तेथील नावेली गावी, एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घराण्यात, सुमारे १५९४ साली मातेउस ह्यांचा जन्म झाला. बार्देशात रेइस मागोस येथे फ्रान्सिस्कन लोकांचे विद्यालय होते, तेथे त्यांनी अभ्यास केला. मुलगा हुशार, पण मनाचा मानी. पुढे त्यांनी दीक्षेची मागणी केली, तेव्हा आर्चबिशप क्रिस्तोवाओ द सा ह्यांनी ती नाकारली. जातीचा नियम त्यांच्या आड आला नसता, कारण ते ब्राह्मणच होते. आड आली ती त्यांची कातडी.

पुष्कळ लोक एवढ्यावर घरी बसले असते. मातेउस ह्यांनी १६२१ च्या सुमारास गोवे सोडले आणि इराणच्या बाजूने रोमची वाट धरिली. वाचकहो, त्या काळी गोव्याहून युरोपास जाणारी गलबते पोर्तुगीजांच्या हाती होती, आणि खुष्कीचा मार्ग वाळवंटांतून, मुसलमान राजांच्या मुलखांतून जात असे. ते १६२५ साली रोमला पोहोचले. एका दीक्षेकरिता सुमारे चार वर्षे गेली.

रोममध्ये ते योग्य वेळी आले असे म्हटले पाहिजे. पूर्वीच्या पोपांनी पोर्तुगालच्या राजास असा अधिकार दिला होता की, पूर्वेकडे बिशप कोणास करावयाचे हे त्याने सुचवावे आणि मंडळ्यांचा खर्चही त्यानेच सोसावा. ह्या अधिकारास पाद्रोआदो म्हणत. ह्याचा परिणाम असा झाला की, हिंदुस्थानात रोमचा शब्द लिस्बनच्या परवानगीवाचून चालेना. म्हणून १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी धर्मप्रसारासाठी प्रोपागांदा फिदे नावाचे स्वतंत्र खाते काढले. त्याचे पहिले चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. ज्या देशात मंडळी आहे त्याच देशचे धर्मगुरू व बिशप झाल्यावाचून ती मुळे धरणार नाही, असे त्यांचे ठाम मत होते. अशा मनुष्यापुढे दिवाडीचा हा तरुण आपली तक्रार घेऊन उभा राहिला. इंगोली जे कागदपत्रांवरून ताडीत होते, त्याचा जिवंत साक्षी त्यांस घरबसल्या मिळाला. त्यांनी मातेउस ह्यांस आश्रय दिला. १६२७ साली पोप आठवे अर्बन ह्यांनी दूरदूरच्या देशांतील तरुणांस धर्मशिक्षण देण्यासाठी रोममध्ये अर्बन कॉलेज स्थापिले, तोही ह्याच दिवसांतला विचार. मातेउस ह्यांनी रोममध्ये काही वर्षे अभ्यास केला, आणि १६३० च्या सुमारास त्यांस दीक्षा मिळाली. १६३३ साली ते रोमचे अधिकारपत्र घेऊन गोव्यास परत आले.

एतद्देशीय मनुष्य विद्येत कमी पडतो, म्हणून त्यास वरचे काम देता येत नाही, असे गोव्यात सांगण्याचा प्रघात होता. आता रोममध्ये शिकलेला, पोपच्या खात्याने पाठविलेला धर्मगुरू त्यांच्यापुढे उभा होता. त्याचे काय झाले? अधिकाऱ्यांनी त्यांचे कागद मानण्याचेच नाकारिले. कारण लिस्बनच्या राजाची संमती त्यांवर नव्हती. तेव्हा अडचण विद्येची कधीच नव्हती हे उघड झाले. आम्ही प्रॉटेस्टंट लोकांनी ह्यावर फार बोट दाखवू नये. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, आणि हरिपंत ख्रिस्ती व रामकृष्णपंत मोडक ह्या त्यांच्या मंडळीतील दोघा बंधूंस अहमदनगरास पाळकपदाची दीक्षा मिळाली १८५४ साली. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली.

मातेउस पुन्हा रोमला गेले. ह्या वेळी इंगोली ह्यांनी असे पाऊल टाकिले की जे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. १६३७ साली त्यांस बिशपपदाची दीक्षा देण्यात आली, आणि तीही गाजावाजा न करता. मलबारच्या सुरियानी मंडळीची गोष्ट निराळी; परंतु लातिन रीतीच्या मंडळीत हिंदी मनुष्य बिशप झाल्याचे हे पहिले उदाहरण होय. गोव्याची गादी त्यांस देणे शक्य नव्हते, कारण ती पाद्रोआदोखाली होती. म्हणून त्यांस विजापूरच्या आदिलशाही मुलखातील ख्रिस्ती लोकांवर पोपचे प्रतिनिधी नेमिले. अँग्लिकन मंडळीने हिंदी मनुष्यास बिशप केले ते १९१२ साली, वेदनायगम अझरिया ह्यांस. म्हणजे दिवाडीच्या ह्या मनुष्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी.

आता त्यांच्या कामाकडे वळू. गोव्याच्या सीमेपलीकडे डिचोली हे गाव तेव्हा विजापूरच्या ताब्यात होते. बिशप कास्त्रो ह्यांनी तेथे ठाणे केले. डिचोली, बांदे आणि वेंगुर्ले येथे त्यांनी मंदिरे उभारिली. गोव्यात ज्यांस दार बंद होते अशा एतद्देशीय तरुणांस त्यांनी दीक्षा दिली. ह्यामुळे गोव्यातील अधिकारी फार संतापले. नदीपलीकडे एक हिंदी बिशप बसून हिंदी धर्मगुरू करीत आहे, हे त्यांस सहन होईना. बिशप कास्त्रो ह्यांचा स्वभावही तापट. अपमान विसरणे त्यांस कधी साधले नाही, आणि रोमला धाडलेल्या त्यांच्या पत्रांतून तक्रारीच फार असत. १६४४ साली ते तिसऱ्यांदा रोमला गेले. पुढे त्यांच्याकडे इथिओपियाचेही काम सोपविण्यात आले, परंतु तेथे त्यांस जम बसविता आला नाही, आणि ते पुन्हा डिचोलीस परतले.

१६५३ साली त्यांनी ब्राह्मणांचा आरसा अशा अर्थाच्या नावाचा एक लेख लिहिला. त्यात गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांस त्यांच्या अपमानित स्थितीची जाणीव देऊन पोर्तुगीजांविरुद्ध जागे होण्यास सांगितले होते. अन्यायाविषयी त्यांनी जे लिहिले त्यातील पुष्कळसे खरे होते. पण तो आरसा त्यांनी कोणापुढे धरिला, हे पाहिले म्हणजे मन खिन्न होते. त्यांनी हाक मारिली ती आपल्या जातीस. साष्टीतील शेतकरी, नदीकाठचे कोळी, गावकुसाबाहेरचे लोक, ज्यांनी त्याच प्रभूचा बाप्तिस्मा घेतला होता, त्यांचे नाव त्या हाकेत नाही. १६०६ च्या ठरावाने ह्या गरिबांस दारातूनच परतविले होते. कातडीवरून आपणांस बाहेर ठेविले म्हणून हा मनुष्य रोमपर्यंत गेला. तेथून दाराची किल्ली घेऊन आला. आणि जातीवरून बाहेर ठेविलेल्या आपल्या भावांसाठी ते दार उघडावे हे त्यांच्या मनात आले नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराणी गावकुसाबाहेरून आलेली आहेत. आम्ही हे चरित्र वाचताना ह्या ठिकाणी थांबलो, आणि थोडा वेळ पुढचे पान उलटावेसे वाटेना. तरी त्या काळी त्या मुलखात असे पाहणारे ते एकटेच नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

१६५४ साली विजापूरच्या फौजा बार्देश व साष्टी ह्या प्रांतांत शिरल्या. ह्या स्वारीस बिशप कास्त्रो ह्यांचीच चिथावणी होती, असा पोर्तुगीजांनी त्यांजवर आरोप केला. वेंगुर्ल्याच्या डच लोकांशी संधान ठेविल्याचाही ठपका ठेविला. पोर्तुगीजांचे शत्रू ते आपले मित्र असे त्यांस वाटू लागले होते एवढे खरे. बिशपाच्या नावाशी तलवारीची गोष्ट जोडली जावी हे शोभण्यासारखे नव्हते, आणि ज्या धर्मगुरूंस त्यांनी दीक्षा दिली होती त्यांचे काम ह्यामुळे अधिकच कठीण झाले. रोमच्या वडील मंडळींसही आता त्यांच्याविषयी चिंता वाटू लागली. १६५८ च्या सुमारास ते रोमला परत गेले. कोकणची भूमी त्यांस पुन्हा दिसली नाही. सुमारे १६७७ साली, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, ते रोममध्येच निवर्तले.

त्यांच्यामागे काम बंद पडले नाही. त्यांच्या जागी १६६९ साली कुस्तोदियो द पिन्यो ह्या गोवेकर गृहस्थांस नेमिले. बिशपांचे पुतणे तोमास द कास्त्रो ह्यांसही १६७४ साली कानडा व मलबार प्रांतासाठी तोच अधिकार मिळाला. गोव्यातही काही बदल दिसू लागला. १६८५ साली तेथील एतद्देशीय धर्मगुरूंनी मिळून आपला स्वतःचा संघ काढिला. त्याचे पुढारी जोसेफ वाझ ह्यांनी सिलोनात डच अमलाखाली लपूनछपून, भिकाऱ्याच्या वेशात फिरून तेथील विखुरलेल्या कॅथलिक मंडळ्या पुन्हा गोळा केल्या, आणि १७११ साली कँडी येथे देह ठेविला. त्यांच्या संघातील पुष्कळ गोवेकर धर्मगुरू त्यांच्या मागोमाग तिकडे गेले. पण हाही संघ ब्राह्मण घराण्यांतील धर्मगुरूंचाच होता.

ह्या तिघांनंतर रोमन कॅथलिक पंथाने लातिन रीतीच्या मंडळीवर पुन्हा हिंदी बिशप नेमिला तो १९२३ साली. दक्षिणेत तुतीकोरीनचा नवा प्रांत तेव्हा तिबुर्तियस रोश ह्यांच्या हाती दिला. ते जेज्वीट संघाचे होते, आणि त्यांचे लोक समुद्रकाठचे मासे धरणारे होते.